गावठी कुत्र्यालाही ऊन लागतं

‘गावठी कुत्री काटक असतात, त्यांना उन्हाचं काही होत नाही’ हे एका लेखातलं वाक्य वाचलं, अजिबात पटलं नाही. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. मे महिन्यात इथं पारा ४३-४४ पर्यंत जातो. आमचा राजा गावठीच. दोन वर्षांपूर्वी वाऱ्यानं दार लागलं आणि तो भर दुपारी गच्चीवर अडकला. सापडला तेव्हा जीभ लालभडक, लाळेची चिकट तार लोंबतेय, उठवलं तर मागचे पाय लटपटतायत. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना, तोही थोडाच. बाकी सगळी भिस्त धाप टाकण्यावर. हवाच तापलेली असेल तर त्या धापेनं गारवा यायचा कुठून? टाकीचं पाणी तर हात पोळेल असं. शेवटी माठातलं पाणी पोटावर, जांघेत, पंजांवर ओतलं, पंखा लावला आणि तसाच ओला डॉक्टरांकडे नेला. सलाईन लागलं, वाचला.

त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतली काळी मात्र उभ्या टेम्पोखाली मेलेली सापडली. राजाची रोजची सोबतीण होती ती, पोरं तिला शाळेतून येताना बिस्किटं घालायची. तिच्यासाठी कुणी माठ रिकामा केला नाही, आम्हीही नाही. याची खंत अजून जात नाही. आता गेटबाहेर सिमेंटची कुंडी सावलीत ठेवलीय, दिवसातून दोनदा भरतो. राजा अजूनही संध्याकाळी टेम्पोच्या त्या जागेपाशी जाऊन हुंगत उभा राहतो.