षटकोनी पाण्याच्या नादाने गोळ्या बंद करू नका

मावशीने चार दिवस रक्तदाबाची गोळी घेतली नाही. कारण, तिला आलेला मेसेज: बाटलीखाली चुंबक ठेवला की पाण्याचे रेणू षटकोनी रचनेत बसतात, ती रचना तीन दिवस टिकते, असं पाणी पेशींत चटकन शिरतं आणि मग औषधं लागत नाहीत. तोच मेसेज मला आणखी तिघांनी पाठवलाय, म्हणून लिहितोय.

आधी ते 'तीन दिवस'. द्रव पाण्यात शेजारचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरतात, हे खरं. पण हे बंध सतत तुटतात आणि नवे जुळतात. एक बंध साधारण एका सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या आसपास टिकतो. २००५ साली 'नेचर'मध्ये टोरांटो आणि बर्लिनच्या संशोधकांनी लेसरच्या अतिसूक्ष्म स्पंदांनी हेच मोजलं. बंधांच्या जाळ्याला आपल्या आधीच्या मांडणीची आठवण ५० फेम्टोसेकंदांतच राहत नाही, असं त्यांना दिसलं. म्हणजे वर सांगितलेल्या काळाचाही विसावा भाग! बाटली चुंबकावरून उचलून तोंडाशी नेईपर्यंत कुठली रचना शिल्लक राहणार? शिवाय पाणी प्रतिचुंबकीय आहे. चुंबक त्याला अगदी किंचित दूर ढकलतो, बस.

षटकोन कुठे असतात? बर्फात. तिथे रेणू जागच्या जागी बांधलेले असतात, मध्ये पोकळ्या राहतात, म्हणून बर्फ पाण्यावर तरंगतो. एवढं मेसेजवाल्यांचं मान्य. त्यातले सुंदर फोटोही बर्फाच्या स्फटिकांचेच आहेत, पिण्याच्या पाण्याचे नव्हेत.

मेसेजमध्ये या पाण्याचं 'एच-थ्री-ओ-टू' असं सूत्रही दिलंय. ते पाण्याचं नाही. या सूत्राचा ऋणभारित आयन, म्हणजे ऋण विद्युतभार असलेला कण, असतो, पण बाटली भरून नुसता ऋणभार साठवता येत नाही.

पेशींचं म्हणाल तर पेशीच्या पटलात पाण्यासाठी अ‍ॅक्वापोरिन नावाची प्रथिनांची दारं असतात. ती शोधल्याबद्दल पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या दारांतून रेणू एकामागोमाग एक, एकेकटेच जातात. षटकोनाला तिथून वाटच नाही.

आणि गोळ्या. रक्तदाबाची काही औषधं एकदम थांबवली तर दाब उसळून आधीपेक्षाही वर जाऊ शकतो. चार दिवसांत मावशीचं डोकं दुखायला लागलं होतं, आणि ती म्हणत होती, 'शरीर शुद्ध होतंय.' हे वाक्यही त्याच मेसेजमधलं. काल तिला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. गोळी पुन्हा सुरू आहे, चुंबक मी घरी आणलाय.