नॉमिनी म्हणजे वारस नव्हे: एका फॉरवर्डला उत्तर

सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. त्यात लिहिलेलं असतं ते साधारण असं: नॉमिनी लावा आणि निश्चिंत व्हा, नॉमिनी हाच कायदेशीर मालक. शेअर्स तर कोर्टानेच नॉमिनीला देऊन टाकलेत. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर त्याचं नाव चढलं की फ्लॅट त्याचा. मृत्युपत्राच्या भानगडीत पडू नका.

यावर भरवसा ठेवणाऱ्या घरांत माणूस गेल्यावर सख्खी भावंडं एकमेकांना नोटिसा पाठवतात. म्हणून एकेक दावा घेऊन उत्तर देतो.

“नॉमिनी हाच मालक.” हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच निकालात काढला, सर्बती देवी विरुद्ध उषा देवी या खटल्यात. एका गृहस्थांच्या दहा-दहा हजारांच्या दोन विमा पॉलिसी होत्या, नॉमिनी पत्नी. मृत्युपत्र न करता ते गेले. मागे आई, पत्नी आणि मुलगा. पत्नीचं म्हणणं, फॉर्मवर नाव माझं आहे तेव्हा रक्कम माझी. आई आणि मुलगा कोर्टात गेले, आणि तिघांनाही एकेक तृतीयांश मिळाला. नॉमिनी म्हणजे विमा कंपनीने पैसे ज्या हातात ठेवायचे तो हात, एवढाच अर्थ न्यायालयाने लावला. पैसे कोणाचे, हे वारसा कायदा ठरवतो. हिंदू पुरुष मृत्युपत्राशिवाय गेला तर त्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा असतो. आईचा वाटा लोक हमखास विसरतात.

बँकेतल्या ठेवींनाही हेच लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं. नॉमिनीला पैसे दिले की बँक मोकळी होते, वारसांचा हक्क मात्र तसाच राहतो.

“शेअर्स कोर्टानेच नॉमिनीला दिले.” या दाव्याला खरोखरच एक आधार होता, म्हणून तो इतका पसरला. मुंबई उच्च न्यायालयात २०१० मध्ये हर्षा कोकाटे यांचा खटला चालला. त्यांच्या पतीने डीमॅट खात्याला, म्हणजे शेअर्स ठेवण्याच्या खात्याला, नॉमिनी म्हणून पुतण्याचं नाव लावलं होतं. कंपनी कायद्यात शेअर्स नॉमिनीकडे ‘व्हेस्ट’ होतात, अशी शब्दयोजना आहे. तिचा अर्थ ‘मालकी जाते’ असा घेऊन एकल न्यायमूर्तींनी पुतण्याच्या बाजूने निकाल दिला. मेसेज लिहिणारा इथेच थांबला. पुढची गोष्ट अशी की शक्ती येझदानी खटल्यात त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने २०१६ मध्ये हा निकाल चुकीचा ठरवला, आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाला दुजोरा दिला. मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने मालमत्ता जाते. नॉमिनेशन हा तिसरा मार्ग नाही. म्यूच्युअल फंडही यात आले.

“शेअर सर्टिफिकेटवर नाव चढलं की फ्लॅट त्याचा.” महाराष्ट्रात सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात. नॉमिनेशनचा फॉर्म सोसायटीच्या फायलीत असतो. सभासद वारले की नॉमिनी मृत्यूचा दाखला जोडून अर्ज करतो आणि कमिटी ठराव करते. घरच्यांना वाटतं, झालं, फ्लॅट नावावर झाला. पण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ मध्ये आलेलं कलम १५४ब-१३ स्पष्ट आहे: नॉमिनीला घ्यायचं ते प्रोव्हिजनल मेंबर, म्हणजे तात्पुरता सभासद म्हणून. वारस किंवा मृत्युपत्रानुसार हक्कदार सभासद होईपर्यंतची ती व्यवस्था आहे. मेंटेनन्सचं बिल कोणाच्या नावाने काढायचं, नोटीस कोणाला द्यायची, हे सोसायटीला कळायला हवं, त्यासाठी.

इंद्राणी वाही खटल्यातला २०१६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही याच दाव्यासाठी पुढे केला जातो. तो पश्चिम बंगालच्या कायद्याखालचा आहे. सोसायटीने नॉमिनेशन पाळलंच पाहिजे, असं त्यात म्हटलं आहे हे खरं. पण त्याच निकालात मालकीचा वाद योग्य ठिकाणी नेण्याची मुभा घरच्यांना ठेवली आहे. ते वाक्य फॉरवर्डमध्ये कधीच दिसत नाही.

थोरल्या मुलाचं नाव नॉमिनी म्हणून आहे, म्हणून त्याने बहिणींना न विचारता फ्लॅट विकायला काढला, तर बहिणी त्याला अडवू शकतात. फ्लॅट एकट्याच्या नावावर व्हायचा असेल तर बाकीच्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. वाद असेल तर कोर्टाकडून वारस दाखला आणावा लागतो.

“मृत्युपत्राची गरज नाही.” उलट आहे. ज्याला द्यायचं त्यालाच मिळावं असं वाटत असेल, तर मृत्युपत्र हाच मार्ग. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. आपली सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका.

आता विम्याबद्दल, कारण इथे मेसेज अर्धा बरोबर आहे. २०१५ च्या दुरुस्तीने विमा कायद्याचं कलम ३९ बदललं. स्वतःच्या आयुष्यावरच्या पॉलिसीत आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर रकमेचा लाभही त्यांचाच, असं त्यात आलं. म्हणजे सर्बती देवींसारखं प्रकरण आज उभं राहिलं तर पत्नीचं पारडं बरंच जड असेल. बरंच म्हणतो, कारण कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये या दुरुस्तीनंतरही वारस हक्क सांगू शकतात असं म्हटलं आहे. पैसे पत्नी-मुलांनाच मिळावेत अशी इच्छा असलेल्या पुरुषाने पॉलिसी घेतानाच ती १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घ्यावी. ती रक्कम त्यांच्यासाठी ट्रस्टमध्ये राहते आणि घेणेकऱ्यांनाही सहसा हात लावता येत नाही.

याचा अर्थ नॉमिनी लावू नका असा मुळीच नाही. नॉमिनी नसला की एका ठेवीसाठी घरच्यांना बँकेत खेटे घालावे लागतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात, ठेवींसाठी टक्केही लिहिता येतात. मात्र त्या रकान्यातले टक्के म्हणजे बँकेने कोणाच्या हातात किती द्यायचं याचा हिशेब. मृत्युपत्रात वेगळं लिहिलं असेल तर शेवटी वाटणी मृत्युपत्राप्रमाणे होईल, तेव्हा फॉर्म भरताना दोन्हीकडची नावं जुळवून घ्या.