साडेपाच

गाडी धुवायला बादली लागते, शाम्पू लागतो, फडकं लागतं आणि आजूबाजूला कोणी नसावं लागतं. माझ्याकडे पहिल्या तीन गोष्टी होत्या.

शेवटचं पाणी मारून मी कोरडं फडकं उचलणार, तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला, "विहिरीचंच का पाणी?"

डॉक्टर ज्या सुरात "घरात आणखी कोणाला आहे का?" विचारतात, अगदी त्या सुरात. मी "हो" म्हणालो. तिथेच चुकलं.

शेजारचे काका आत आले आणि त्यांनी खिशातून एक डबी काढली. माणसं खिशात रुमाल ठेवतात, किल्ल्या ठेवतात. काका पीएच तपासायच्या पट्ट्या ठेवतात. एक पट्टी माझ्या बादलीत बुडवली, मग डबीवरच्या रंगांशी लावून बघितली. चष्मा कपाळावर. चष्मा नाकावर. पुन्हा कपाळावर.

"साडेपाच," ते म्हणाले.

"नाही हो काका, सव्वानऊ झाले."

"पीएच साडेपाच! आम्ल आहे हे. सातच्या खाली एक आकडा उतरला की आम्लता दहापट, दोन उतरले की शंभरपट. तुझं दीड आकडा खाली, म्हणजे तीसपट धर."

तीसपट ऐकून मी नकळत नळीपासून एक पाऊल मागे सरकलो. मग जरा सावरून विचारलं, "आणि काळी कॉफी किती असते?"

"पाचच्या आसपास."

"म्हणजे माझं पाणी कॉफीपेक्षा सौम्य आहे."

"तू गाडी कॉफीने धुतोस का?"

याला उत्तर नाही. मी फडकं उचललं, तर काकांनी माझा हात धरला आणि मूळ कारण सांगायला घेतलं. पाऊस जमिनीत मुरतो, मातीतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो, त्याचं कार्बोनिक आम्ल होतं. वाटेत चुनखडी भेटली तर पाणी निवळतं. "तुझ्या विहिरीला चुनखडी भेटलीच नाही," असं ते अशा काही हळहळीने म्हणाले, की माझी विहीर लग्नाची राहिली आहे असं मला वाटू लागलं.

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागेल, आणि तीच जास्त झोंबते आहे. "न्हाणीघरात नळाखाली हिरवट निळा डाग आहे का?" असं त्यांनी विचारलं. आहे. गेली दोन वर्षं मी तो साबणाच्या नावावर खपवतोय आणि तीन तऱ्हांच्या पावडरींनी घासतोय. तो डाग म्हणजे माझे तांब्याचे पाइप, थोडेथोडे विरघळून बाहेर येणारे. म्हणजे इतके दिवस मी स्वतःचं घरच घासून गटारात सोडत होतो, आणि हे पाइप बसवणाऱ्याने कधी सांगितलं नाही. सांगितलं कोणी, तर गाडी बघायला आलेल्याने!

"यावर उपाय काय?"

"कॅल्साइटची टाकी बसव. पाणी चुनखडीच्या खड्यांतून जातं, आम्ल मरतं."

"मग डाग नाहीत?"

"मग पाणी जड होतं. जड पाण्याचे पांढरे डाग पडतात."

"आणि त्याला उपाय?"

"धुतल्याबरोबर पुसून काढायची."

"पुसतच होतो, काका!"

तोवर ऊन बॉनेटवर चढलं होतं. प्रत्येक थेंब जागच्या जागी सुकून मागे तांबूस वर्तुळ ठेवून गेला होता. हे काम लोखंडाचं. पाण्यात असतं तेव्हा दिसत नाही, हवा लागली की गंजाच्या रंगात उमटतं. पांढऱ्या गाडीवर तर फारच देखणं दिसतं. माझी पांढरी आहे.

काका पट्टी बादलीच्या काठावर ठेवून गेले. पट्टी मी टाकायची.

रात्री शोधून काढलं, की निव्वळ स्वच्छ पावसाच्या पाण्याचा पीएचसुद्धा 5.6च्या आसपास असतो. आणि काकांची गाडी वर्षानुवर्षं फक्त पाऊस धुतो. गाडीच्या रंगावरच्या पारदर्शक लॅकरला असलं पाणी, लगेच पुसलं तर, काही करत नाही. आता ही मुद्देसूद चपराक मला सकाळी सव्वानऊला का सुचू नये? अंथरुणात दोनदा म्हणून बघितली. दुसऱ्यांदा तर फारच छान जमली.

आज सकाळी काका फाटकाशी आले. मी तोंड उघडलं. त्यांनी बॉनेटकडे बघितलं, मान हलवली आणि म्हणाले, "बघ. सांगितलं होतं ना?"