तिवर मेलेले नाही, अळीने खाल्ले आहे

गेल्या आठवड्यात एकच मजकूर माझ्या फोनवर तीन ग्रुपांतून आला. वर तपकिरी पडलेल्या खारफुटीचा फोटो, खाली लिहिलेले: ‘बिल्डरने रात्रीत विष ओतून झाडे मारली. उरलेली झाडे परदेशी अळ्या खाताहेत. सरकारने ताबडतोब फवारणी करावी.’ फोटो कुठला, कधीचा, याचा पत्ता नाही.

आधी विषाचे बघू. फोटो बोटांनी मोठा करा. तपकिरी झाले आहे ते फक्त तिवर, म्हणजे खारफुटीतली एक जात. त्याला खेटून उभा असलेला कांदळ हिरवागार, मागची चिप्पीही तशीच; याही खारफुटीच्याच जाती. विष चिखलात ओतले तर ते झाडाची जात विचारत नाही. शिवाय विषाने पान सुकून गळते. इथे पानांचा गर खाल्लेला आहे आणि शिरांची जाळी तेवढी उरली आहे. कडा दुमडून रेशमाने चिकटवलेली पानेही दिसतात. ते अळीचे घर. दिवसा ती त्यात दडते.

ही अळी हायब्लिया प्युएरा या पतंगाची. पतंग पंख पसरून जेमतेम ३ ते ४ सेंटिमीटर. पुढचे पंख सुक्या पानासारखे, मागच्या काळपट पंखांवर नारिंगी पट्टे. ‘परदेशी’ म्हणावे तर डच कीटक-अभ्यासक क्रेमरने त्याला शास्त्रीय नाव दिले १७७७ मध्ये, आणि आपल्याकडच्या सागाचा तो जुनाच गिऱ्हाईक. साग आणि तिवर ही जोडी विचित्र वाटते खरी. पण जुने वनस्पतिशास्त्रज्ञ दोघांनाही एकाच कुळात घालत. आता कुळे वेगळी झाली, अळीला कुणी कळवले नाही.

झाडे मेली का? नाही. बारीक फांदीची साल नखाने खरवडून बघा, आत हिरवे असेल. अंड्यापासून पतंग व्हायला साधारण ३ ते ४ आठवडे लागतात. अळ्या कोषात गेल्या की काही आठवड्यांत तिवराला नवी पालवी येते. फुकट मात्र काही नसते: केरळमध्ये सागाच्या कोवळ्या लागवडीत या अळीमुळे लाकडाची संभाव्य वाढ ४४ टक्क्यांनी घटल्याची नोंद आहे. तिथेही साग मरत नव्हता, वाढायचा राहत होता.

फवारणीची मागणी मला सगळ्यांत धोक्याची वाटते. तिवराखाली दिवसातून दोनदा भरती येते. पानावरचे औषध त्याच पाण्यात उतरणार, आणि किडा मारणारी बरीच औषधे सुंगटे-कुर्ल्यांनाही (कोळंबी-खेकड्यांनाही) मारतात. सगळी संधिपाद, म्हणजे सांधेदार पायांची मंडळीच ना! मग मानशीवर, म्हणजे खाडीच्या बांधातल्या पाण्याच्या दारावर, जाळे लावणाऱ्याने काय पकडायचे? अळ्यांचा बंदोबस्त करणारे तिथे आधीच हजर असतात: कावळे, कोतवाल, परजीवी माश्या, आणि दाटी झाली की त्यांच्यात पसरणारा एक विषाणू. औषधाने आधी पाखरे आणि माश्याच हटतील.

खारफुटी माणसे मारतात, हे मात्र खोटे नाही. भराव टाकून किंवा बांध घालून भरतीचे पाणी अडवले की तिवर, कांदळ, चिप्पी सगळेच एकदम वाळते, आणि पानांवर चावल्याची खूण नसते. तसा पट्टा दिसला तर जागा आणि तारीख लिहून वन खात्याकडे तक्रार करा, कारण सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, नियमांत खारफुटी सर्वांत कडक गटात, म्हणजे १-अ मध्ये येते.