विज्ञान स्वतःला सुधारतं, मग चौकशीचे नियम कशाला?

अमेरिकेत सरकारी पैशावर चालणाऱ्या संशोधनातल्या लबाडीच्या चौकशीसाठी जे नियम आहेत, त्यांच्याविरुद्धचा एक मजकूर बराच फिरतोय. म्हणणं असं: विज्ञान स्वतःच्या चुका स्वतःच सुधारतं, नियम म्हणजे निव्वळ कागदी घोडे, त्यांत प्रामाणिक चूक करणारा भरडला जातो आणि बडे मासे सुटतात.

आधी ‘प्रामाणिक चूक’. 2000 सालच्या संघराज्य धोरणात गैरवर्तन म्हणजे तीनच गोष्टी: डेटा मनाने रचणं, त्यात फेरफार करणं आणि वाङ्मयचौर्य. प्रामाणिक चूक आणि मतभेद त्यातून स्पष्ट वगळले आहेत. कृत्य निदान बेफिकिरीने तरी केलं, हे संस्थेला सिद्ध करावं लागतं. (मात्र ‘माझी चूक प्रामाणिक होती’ हा बचाव घेतला, तर तो दाखवायचं ओझं आरोपीवर येतं. इथे टीकेला जागा आहे, पण मजकुरात नेमकं हेच नाही.)

आता ‘आपोआप सुधारतं’. व्हरमाँट विद्यापीठातले संशोधक एरिक पोलमन यांनी 1992 ते 2000 या काळात 17 अनुदान-अर्जांत खोटा डेटा वापरला. इतकी वर्षं त्या अर्जांवर समीक्षकांची नजर फिरत होती. बिंग फुटलं ते प्रयोगशाळेतल्याच एका तरुण सहकाऱ्यामुळे. फाइलमधले आकडे बदलल्याचं त्याच्या लक्षात आलं. समीक्षकासमोर असतो तो तक्ता, कच्च्या नोंदी नव्हेत. म्हणून तर आरोपीला कळवतानाच किंवा त्याआधी नोंदवह्या आणि फाइली ताब्यात घ्यायला नियम सांगतो. एवढं काम कुठलीही ‘आपोआप’ चालणारी व्यवस्था करत नाही. 2006 मध्ये पोलमन तुरुंगात गेले.

कागदी घोड्यांबद्दल मजकूर अर्धा बरोबर आहे. प्रतिकारशक्तीच्या संशोधक थेरेझा इमानिशी-कारी यांच्या 1986 च्या शोधनिबंधातल्या डेटावरचा वाद 1996 पर्यंत चालला. 1994 मध्ये त्यांना दोषी ठरवलं गेलं, दोन वर्षांनी अपील मंडळाने सगळे आरोप फेटाळले. दिरंगाई अक्षम्यच. पण त्यांना सोडवलं तेही प्रक्रियेनेच, अपिलाच्या तरतुदीने. नियम नसते तर कुजबुजीवरच निकाल लागला असता.

बडे मासे? ड्यूक विद्यापीठाने 2019 मध्ये खोट्या डेटाच्या प्रकरणात 11 कोटी 25 लाख डॉलर भरून तडजोड केली. अर्थात ती गैरवर्तनाच्या नियमांखाली नव्हे, सरकारकडे खोटे दावे करण्याविरुद्धच्या कायद्याखाली. फरक महत्त्वाचा आहे.

खरं दुखणं वेगळंच आहे. अमेरिकेत पहिली चौकशी त्याच संस्थेकडे असते, जिला अनुदान आणि नाव दोन्ही गमवायची भीती असते. स्वीडनमध्येही आधी असंच होतं. कॅरोलिन्स्का संस्थेत कृत्रिम श्वासनलिका बसवणारे शल्यविशारद मॅकियारिनी यांच्या संशोधनातल्या गैरवर्तनाच्या प्रकरणानंतर तिथे कायदा बदलला आणि 2020 पासून अशा संशयाची प्रकरणं विद्यापीठांनी राष्ट्रीय मंडळाकडे सोपवायची असतात. नियमांवर टीकाच करायची होती, तर इथून सुरुवात करता आली असती.