दम दीड मिनिटाचा

र्यू सुंग-वान यांचा ‘स्मगलर्स’ (2023) बघाल तेव्हा नजर पाण्याखाली ठेवा. बायकांच्या हाणामारीचे कोरियन चित्रपट बरेच आहेत. बहुतेकांत नायिकेनं कुठेतरी गुप्त प्रशिक्षण घेतलेलं असतं आणि ते आपण निमूट मान्य करायचं असतं. इथे बायका लढतात त्या रोजच्या पोटापाण्याच्या कामाच्या जोरावर. म्हणून त्यांचा प्रत्येक फटका खरा वाटतो.

काळ 1970 च्या दशकातला, गाव गुनचॉन, काल्पनिक. कारखान्याच्या सांडपाण्यानं समुद्र नासलाय. हेन्यो, म्हणजे सिलिंडरशिवाय बुडी मारून शंखशिंपले काढणाऱ्या बायका, त्यांच्या हाती मेलेला माल लागतो. मग दुसरा धंदा येतो. जहाजावरून पेट्या समुद्रात टाकायच्या, बायकांनी तळाशी जाऊन दोर बांधायचा, होडीवाल्यांनी ओढून घ्यायचं. आयातीवर बंधनं आली की किनाऱ्यावर हे होतंच. आपल्याकडेही त्याच काळात सोनं आणि घड्याळं चोरून उतरत होती, तस्करांना स्थानबद्ध करणारा 1974 चा कोफेपोसा कायदा त्यातूनच आला.

हेन्योंचं सामान मोजकं असतं. तेवाक, म्हणजे वर तरंगणारा भोपळा (पुढे थर्माकोलचा आला). त्याला लटकलेली मांगसारी, म्हणजे जाळी. आणि अबलोन, म्हणजे खडकाला चिकटून बसणारा मोठा शिंपला, खडकापासून सोडवायची लोखंडी पट्टी, बिट्चांग. या पट्टीला मनगटात अडकवायची दोरी असते आणि धोका तिथेच आहे. अबलोन दचकून खडकाला घट्ट बसला की पट्टी खाली अडकते. दोरी झटकन निघाली नाही तर बाई तिथेच संपते. एक बुडी साधारण एक ते दोन मिनिटांची. वर आल्यावर शिट्टीसारखा श्वास सुटतो, त्याला सुम्बीसोरी म्हणतात.

आता शेवटची पाण्याखालची लढाई बघा. गुंडांकडे सिलिंडर आहेत, बायकांकडे फक्त छातीतला दम. वरवर पाहता गुंड वरचढ. पण पाण्यात ठोसा जोर धरत नाही, तिथे पकड आणि वळण कामाला येतं. सिलिंडरवाला जड, वळायला मंद, शिवाय बुडबुडे त्याचा पत्ता सांगतात. त्याहून मोठी गोष्ट दाबाची. दहा मीटर खाली दाब दुप्पट असतो. तिथे सिलिंडरमधून भरून घेतलेली हवा वर येताना फुगत जाते. घाबरून श्वास रोखून तो सरळ वर झेपावला तर फुप्फुस फाटू शकतं. बाईनं श्वास पृष्ठभागावरच घेतलेला असतो, ती हवी तेव्हा सरळ वर सुटते. तिचा दम कमी, पण वर-खाली करायची मुभा पूर्ण. या प्रसंगाचा सगळा ताण त्या फरकावर उभा आहे.

किम हे-सूचं काम यासाठीही मोठं मानावं लागेल. आधीच्या एका चित्रपटात गाडीसकट पाण्यात जाण्याचा प्रसंग केल्यापासून तिला पाण्याची धडकी बसली होती. हे तिनंच जाहीर सांगितलंय. इथे ती चुन-जा म्हणून पाण्यात उतरते तेव्हा डोळ्यांत ते कुठेच दिसत नाही. योम जंग-आची जिन-सुक तिच्या अगदी उलट, शब्दाला महाग. सुरुवातीच्या धाडीत जिन-सुकचे वडील आणि भाऊ जिवानिशी जातात, ती तुरुंगात जाते, चुन-जा निसटते. खबर चुन-जानंच दिली हा संशय दोघींमध्ये बसतो. पुढचं सांगत नाही.

खोट आहे ती मधल्या भागात. तस्करांचा म्होरक्या सार्जंट क्वॉन याची हॉटेलमधली सुऱ्यांची मारामारी सुरेख रचली आहे, पण ती पुरुषांच्या दुसऱ्याच चित्रपटातून आल्यासारखी वाटते. तेवढा वेळ या बायका काठावर राहतात. जुनी गाणीही जरा जास्तच वाजतात. आणि शार्क! तो संगणकाचा आहे हे लगेच कळतं. त्या पाण्यात एवढी खरी भीती आधीच भरून ठेवली होती, की दातवाल्या माशाची गरजच नव्हती.