फुकट ईमेलचे जीबी मोजणं आता पुरे झालं!

पुन्हा कोणी मला 'सगळ्यात चांगलं फुकट ईमेल कुठलं' असला व्हिडिओ पाठवला, तर मी त्याला सरळ ब्लॉक करणार आहे. डोक्यात तिडीक जाते. सगळीकडे तोच तक्ता. ह्याचे १५ जीबी, त्याचे २० जीबी, ह्याला डार्क मोड, त्याला रंगीबेरंगी थीम. आणि ज्यामुळे माणसाचं खरं नुकसान होतं, ती गोष्ट एकाही तक्त्यात सापडत नाही.

मालवण तालुक्यात समुद्राला लागून आमचं छोटं होमस्टे आहे. बरंचसं बुकिंग फोनवर आणि व्हॉट्सॲपवर होतं, पण ऑफिसच्या सहली, बाहेरच्या देशातले पाहुणे, पक्कं बिल हवं असणारे लोक मेलच करतात. ऐन नाताळच्या सीझनमध्ये पुण्याच्या एका मोठ्या ग्रुपचा मेल परत गेला. स्टोरेज फुल! त्यांना इंग्रजीत दोन ओळींचा निरोप गेला की हा मेल पोचू शकत नाही. त्यांना वाटलं होमस्टे बंद पडलं, त्यांनी तारकर्लीला दुसरीकडे खोल्या घेतल्या. मला ह्यातलं काहीही कळलं नाही. कळणार कसं? आलेला मेल परत फिरवला, एवढं सांगायचीसुद्धा तसदी कोणी घेत नाही. म्हणे पडद्यावर लाल पट्टी येते. मी मेल बघते फोनमधल्या दुसऱ्या ॲपमधून, तिथे कसली पट्टी आणि कसलं काय! कंपनीचं नाव घेत नाही, कारण दुसरीकडे असते तरी हेच झालं असतं. फुल झालं की मेल परत, हा नियम ह्या धंद्यात सगळ्यांचाच.

पोस्टमन पत्र परत पाठवतो तेव्हा पाकिटावर कारण लिहितो, आणि गावात भेटला की तोंडानेही सांगतो. ह्या मेल कंपन्यांना तेवढंही जमत नाही.

मग सल्ला देणारे येतात. जुनं डिलीट कर की! काय डिलीट करू? आमच्याकडे १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ गेलं. त्या दिवसानंतरचे फोटो आहेत त्यात. मधोमध पिळवटून मोडलेले माड, पडवीत पडलेला कौलांचा खच, आडवा झालेला हापूस आणि त्याच्या बुंध्याला टेप लावून उभे असलेले तलाठी. प्रत्येक झाडाचा वेगळा फोटो, कारण पंचनाम्याला पुरावा लागतो. ते मी मेलवर पाठवले आणि मेलवरच ठेवले, कारण घरातले कागद त्या पावसात भिजून लगदा झाले होते. मेलवर ठेवलं की सुरक्षित, हे आम्हाला वर्षानुवर्षं कोणी शिकवलं? ह्याच मेल कंपन्यांनी ना?

गंमत म्हणून नाही, संतापाने सांगते, जरा इतिहास बघा. १९९६ साली सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल काढलं तेव्हा २ एमबी जागा होती. तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं की मेल वाचायचा आणि पुसायचा. रेडिफमेल आपलं मुंबईचं, माझ्या वयाच्या कितीतरी जणांचा पहिला पत्ता तिथला. मग १ एप्रिल २००४ ला जीमेल आलं, थेट १ जीबी घेऊन. लोकांना एप्रिल फूल वाटलं, इतकी ती जागा मोठी होती. त्यांचं सांगणंच होतं की आता काही पुसायची गरज नाही, शोधा आणि मिळवा. याहूने २००७ मध्ये अमर्याद जागा जाहीर केली, २०१३ मध्ये १ टीबी केली. लोकांनी विश्वासाने आयुष्य भरलं त्यात. लग्नाचे फोटो, दाखले, विम्याची कागदपत्रं. आणि २०२५ मध्ये त्याच याहूने १ टीबीचे २० जीबी केले. जास्त हवं तर पैसे भरा.

आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच!

गुगलचे १५ जीबी ऐकायला बरे वाटतात, पण ते एकट्या मेलचे नाहीत. ड्राइव्ह, मेल आणि फोटो तिघांत मिळून आहेत. फोटो आधी ठराविक दर्जात फुकट होते, १ जून २०२१ पासून तेही मोजायला लागले. आउटलुकवाल्यांचे पण १५ जीबी, फक्त मेलचे, असं सांगतात. पण २०२३ पासून मेलला जोडलेल्या फाइली वनड्राइव्हच्या, म्हणजे त्यांच्याच फाइली ठेवायच्या ऑनलाइन जागेच्या, ५ जीबीत धरल्या जातात. म्हणजे मेलचा डबा अर्धा रिकामा असला तरी ते ५ जीबी भरले की मेल येणं-जाणं बंद. हे कुठल्या तक्त्यात लिहिलेलं असतं? ॲपलचे ५ जीबी, त्यात फोनचा बॅकअपही. आणि जीबीच्या ह्या आकड्यांवर लोक तासन्‌तास वाद घालतात.

आता रेंजचं बोलते, कारण हे शहरात बसून तुलना करणाऱ्यांच्या डोक्यातच येत नाही. आमच्या घरात रेंज नाही. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर, गेलं की येते, खाली उतरलं की जाते. पावसाळ्यात लाईट गेली की थोड्या वेळाने टॉवरही जातो, मग सड्यावर जाऊनही उपयोग नाही. आणि हे मागतात एसएमएसवर कोड! लॉगिन करायला घरातलं वायफाय, कोड घ्यायला सड्यावर, कोड घेऊन खाली येईपर्यंत त्याची मुदत संपलेली. पावसात छत्री धरून हा प्रकार करून बघा एकदा, म्हणजे कळेल राग का येतो.

बरं, ह्यावर उपाय आहे. तो त्यांच्याकडेच आहे आणि तरीही तो समोर ठेवत नाहीत, म्हणून जास्त संताप होतो. ऑथेंटिकेटर ॲप असतं, ते कोड फोनमध्येच तयार करतं, त्याला रेंज लागत नाही. बॅकअप कोड असतात. जीमेल आठ आकड्यांचे १० कोड देतं, कागदावर लिहून ठेवायचे, एकेक वापरायचा. कपाटातल्या रेशनकार्डाच्या पिशवीत तो कागद ठेवला की झालं. पण हे शोधायला सेटिंगमध्ये शिरा, सुरक्षा उघडा, पुन्हा पासवर्ड टाका, खाली खाली जा. खातं उघडतानाच पहिल्या पानावर हे का विचारत नाही? तिथे मात्र 'तुमचा फोन नंबर द्या' एवढंच.

आणि जीमेलचं एक साधं रूप होतं. नुसतं एचटीएमएल, म्हणजे सजावटीशिवायचं हलकं पान, जुन्या कॉम्प्युटरवर आणि रडतखडत चालणाऱ्या नेटवरही उघडायचं. जानेवारी २०२४ पासून ते बंद करायला घेतलं. आता सगळ्यांना तेच जड रूप. जिथे नेट धावतं तिथे काही फरक पडत नसेल. एस.टी. स्टँडजवळच्या दुकानात जुन्या कॉम्प्युटरवर परीक्षेचं हॉलतिकीट काढायला आलेल्या पोराला पडतो! चाक फिरत राहतं आणि दुकानदार मिनिटांचे पैसे लावत राहतो.

शेजारचे काका मुंबईत नोकरी करून निवृत्त झाले आणि गावी आले. त्यांचं मेल मुलाने काढून दिलेलं, मुंबईच्या नंबरावर. गावात त्या कंपनीची रेंज नाही, म्हणून इथलं नवं सिम घेतलं. जुना नंबर बंद झाला. आपल्याकडे ९० दिवस नंबर वापरला नाही तर तो बंद होऊ शकतो आणि काही काळाने दुसऱ्याला दिला जातो. फोन बदलला तेव्हा मेलने विचारलं, तुम्हीच का? कोड पाठवला आहे.

काका पडवीत फोन घेऊन बसलेले. "अगो, कोड खंय गेलो?"

"तुमच्या जुन्या नंबरावर, काका."

"तो नंबर आता माझो खंय? मगे आता काय करूचा?"

काय सांगणार मी? आम्ही खातं परत मिळवायचा फॉर्म भरला. शेवटचा आठवणारा पासवर्ड कोणता, विचारलं. पासवर्ड फोनमध्ये साठवलेला, तो फोन गेला. शेवटी उत्तर आलं की हे खातं तुमचंच आहे याची खात्री करता आली नाही. काका आधारकार्ड, पॅनकार्ड, पासबुक सगळं मांडून समोर बसले होते. कुणाला दाखवणार? कुठे खिडकी आहे? कुठे फोन आहे? त्या मेलमध्ये सामायिक जमिनीच्या दाव्याचे, वकिलाने पाठवलेले कागद आहेत. कोकणात सामायिक जमिनीचा दावा म्हणजे काय, हे ज्याच्या घरात आहे त्याला सांगायला नको. चुलतभाऊ मुंबईत, पुतणे दुबईत, सातबाऱ्यावर पंचवीस नावं, आणि सगळा व्यवहार ह्या एका पत्त्यावर. आणि कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या फोनवर काकांचे कोड जाऊन पडतायत. त्या बिचाऱ्याला काही देणंघेणं नाही म्हणून बरं. असतं तर?

हा प्रश्न तुलनेत पहिला यायला हवा. खातं अडकलं तर माणूस भेटतो का? फुकटवाल्याला नाही भेटत. गुगल वनचे पैसे भरणाऱ्यांना बोलायला माणूस मिळतो. म्हणजे माणसं ठेवलेली आहेत, पगार दिला जातोय. मग एक म्हातारा माणूस सगळी कागदपत्रं घेऊन बसलाय, त्याच्याकडून तेवढ्या एका फोनाचे पैसे घ्या हवं तर, पण बोला त्याच्याशी!

न वापरलेल्या खात्याचंही तेच. गुगल दोन वर्षं बघतं, डिसेंबर २०२३ पासून अशी खाती काढून टाकायला सुरुवात झाली. याहू बारा महिन्यांतच. गावात वर्ष-वर्ष मेल न उघडणारी कितीतरी घरं आहेत. वर्षातून एकदा मुलगा गणपतीला येतो तेव्हा तो उघडतो. आगाऊ सूचना देतो म्हणतात, आणि ती सूचना कुठे देतात? मेलवर! जो माणूस मेल उघडत नाही त्याला मेलवर. दुसरा पत्ता दिला असेल तर तिथे, पण दुसरा पत्ता असतो कुणाकडे?

बरं, सोडून जायचं म्हटलं तरी सुखाने जाऊ देतात का? याहूमध्ये आपोआप दुसऱ्या पत्त्यावर मेल पुढे पाठवायची सोय होती, १ जानेवारी २०२१ पासून ती फुकटवाल्यांची काढून घेतली. पत्ता बदलणारा माणूस सगळ्यात आधी तीच सोय शोधतो. जाणाऱ्याच्या वाटेवर नाके उभारायचे, ही कुठली रीत?

प्रोटॉनबद्दल विचारतात म्हणून सांगते. स्वित्झर्लंडचं, २०१४ पासूनचं, खाजगीपणाला खरंच चांगलं, जाहिराती नाहीत. पण फुकटात १ जीबी आणि दिवसाला १५० मेल. एकट्या माणसाच्या पत्रव्यवहाराला पुरेल, आंब्याच्या पेटीचे फोटो पाठवणाऱ्या बागायतदाराला नाही पुरणार. झोहो मला मनापासून आवडतं. आपल्या देशातलं, तमिळनाडूतलं, तेनकाशीसारख्या भागातूनही काम करणारी कंपनी, आणि मेलमध्ये जाहिरात नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी आपला पत्ता तिकडे नेला आणि आमच्या वाडीतही सगळे विचारायला लागले. पण फुकट योजनेत ५ जीबी, आणि दुसऱ्या ॲपमधून मेल बघायची सोय नाही. ज्यांना गाव कळतं त्यांच्याकडून माझी अपेक्षा जास्त आहे, म्हणून जास्त बोलते. पैसे न भरणाऱ्या माणसासाठी महिन्यातून एक दिवस फोन उचलून दाखवा, अख्खं कोकण तुमच्याकडे आणून देते.

जाहिरातींबद्दल एकच. मेलच्या यादीत मेलसारखीच दिसणारी जाहिरात टाकणं ही फसवणूक आहे. याहूत आहे, आउटलुकमध्ये आहे, जीमेलच्या प्रमोशनच्या कप्प्यात आहे. सासूबाई बँकेचा मेल समजून कर्जाच्या जाहिरातीवर बोट ठेवतात. जीमेलने २०१७ मध्ये जाहिरातींसाठी मेल वाचणं थांबवलं हे चांगलं केलं, ते मान्य. पण जाहिरातीला मेलचे कपडे घालणं थांबवा की!

आणि 'फुकट आहे ना, मग तक्रार कसली' म्हणणाऱ्यांनो, फुकट आहे म्हणून कोणी घेतलेलं नाही. बँक मागते, रेल्वेच्या तिकिटाला लागतं, पोरांच्या परीक्षेच्या अर्जाला लागतं, होमस्टेच्या नोंदणीला लागतं. मेल नसेल तर अर्ज पुढेच सरकत नाही. आधी पत्त्याशिवाय जगणं अशक्य करायचं आणि मग म्हणायचं, आम्ही फुकट दिलंय, गप्प बसा?

येत्या रविवारी वाडीतल्या सगळ्यांना फोन घेऊन आमच्या खळ्यात बोलावलंय. ज्यांचा नंबर बदललाय त्यांच्या मेलच्या खात्यातला नंबर आधी बदलायचा, मग बॅकअप कोड कागदावर, मग दुसरा पत्ता म्हणून मुलाचा किंवा सुनेचा. काकांसाठी वकिलाकडून सगळे कागद पुन्हा मागवलेत, झेरॉक्सचा आणि फेऱ्यांचा खर्च काकांच्या पेन्शनमधून. ज्या कंपन्यांनी हे काम खातं उघडतानाच करून द्यायला हवं होतं, त्यांचं काम मी बिनपगारी करणार, आणि पुढच्या गणपतीला ज्यांची खाती अडकतील ते पुन्हा माझ्याच दारात येतील!